बदलापुरातला बर्फ

बदलापुरात बर्फ पडतो असं मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला.

"आभाळातूनच पडायला पाहिजे असं कुठं आहे?" ते म्हणायचे. "ज्याच्यावरून चाक घसरतं तो बर्फ. युरोपात वरून पडतो, आपल्याकडे लोक हातानं पसरतात."

मी तेव्हा उल्हासनगरच्या एका मराठी शाळेत नुकतीच लागले होते. साताऱ्याकडची, एकटी मुलगी, त्यामुळे कुणी जागा देईना. कुळगावात नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत या घरमालक काकांचं बैठं घर होतं, त्याच्या मागच्या दोन खोल्या त्यांनी मला दिल्या. देताना त्यांनी ना पगार विचारला, ना जात. "तुमच्या वडिलांकडे गाडी आहे?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, सायकल आहे. "टायरवर नक्षी कसली? उभी की आडवी?" मला काही सांगता येईना. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून आवाज आला, ते काकूंना सांगत होते, "मुलगी चांगली आहे गं, पण बापाच्या सायकलचा टायर ओळखत नाही." तरी त्यांनी जागा दिली, हा त्यांचा मोठेपणा.

काका अंबरनाथच्या एका औषधाच्या कंपनीत खरेदी खात्यात होते. उंच, शिडशिडीत, केस पांढरे आणि मिशी मात्र काळीभोर. विहाराच्या कमिटीत होते, वस्तीतल्या पोरांच्या फीसाठी साहेबांशी भांडायचे, कुणाच्या मयताला पहिले हजर. या सगळ्यात त्यांच्याइतका सरळ माणूस सापडला नसता. विषय टायरचा निघाला की मात्र त्यांचे डोळे दूर कुठंतरी जायचे आणि ते स्वतः त्यांच्या मागोमाग जायचे.

याचं कारण गाडी. कंपनीत यंत्रं बसवायला आलेला कुणी परदेशी इंजिनियर परत जाताना आपली गाडी मागे ठेवून गेला होता. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून ती कुणी घेईना, तेव्हा काकांनी घेतली. निळी, बुटकी, चार दारांची, दिसायला अगदी गरीब. पण सुरू झाली की गल्लीतल्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. कुणी तिला नुसतं 'कार' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "स्पोर्ट्स सेडान म्हणा. चार दारं संसारासाठी, इंजिन माझ्यासाठी," असं ते सांगायचे, आणि समोरचा माणूस पुन्हा कारच म्हणायचा.

या गाडीत बसण्याचा एक नियम होता. पुढच्या, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर कुणी बसायचं नाही. त्या सीटवर धुतलेली पांढरी चादर घडी करून ठेवलेली असे. मी बसले ती मागे, शेजारचे गुरुजी बसले ते मागे. जयंतीच्या मिरवणुकीला कमिटीचे अध्यक्ष पुढचं दार उघडायला गेले, तर त्यांनाही काकांनी हात धरून मागे बसवलं. लोक चेष्टा करायचे की काका टॅक्सी चालवतात. ती सीट काकूंची होती. आणि काकू गाडीत बसत नव्हत्या.

का बसत नव्हत्या, ते काका स्वतःच सांगायचे, आणि मोठ्या रंगात येऊन सांगायचे. गाडी घेतली त्याच हिवाळ्यात दोघं सकाळी लवकर चामटोलीला निघाले होते. चामटोली काकूंचं माहेर. तिकडे भात घरात आलं की माळावरचा उडीद काढतात, आणि मळणीसाठी तो सरळ डांबरी रस्त्यावर पसरतात. एस.टी. जाते, टेंपो जातात, शेंगा फुटतात, दाणे सुटतात, बैलांचे कष्ट वाचतात. त्या दिवशी वर दव पडलेलं आणि खाली उडदाचे दाणे मोकळे झालेले. मधे शेळी आली आणि काकांनी ब्रेक दाबला.

"गाडी अशी गेली," इथं ते तळहात हवेतून तिरका न्यायचे, अगदी हळू. "आवाज नाही, काही नाही. पाण्यातून होडी जावी तशी रस्त्यावरून उतरली आणि शेतात जाऊन थांबली. कुणाला काही झालं नाही. मी उतरलो, पुढच्या टायरला हात लावला, तर गार! दगडासारखा कडक. तिथंच मला कळलं. हे टायर उन्हाळी. थंडीत यांचं रबर आखडतं, मग रस्ता धरवत नाही त्यांना. यात हिचा काही दोष नाही. ही म्हणाली, मी या गाडीत बसणार नाही. बरोबरच आहे. असल्या टायरांवर कोण बसेल?"

तेव्हापासून ते टायर निवडत होते. निवडत होते म्हणजे वर्षानुवर्षं निवडत होते.

उल्हासनगरच्या रद्दीवाल्यांकडे परदेशी गाड्यांची जुनी मासिकं यायची. काका ती आणून संध्याकाळी ओट्यावर पसरायचे. मी वह्या तपासत बसलेली असायची आणि ते समजावत असायचे. टायर तीन जातींचे. उन्हाळी, हिवाळी आणि बारमाही. उन्हाळी टायर पळायला चांगला, पावसात पाणी बाजूला सारतो, पण थंडी पडली की रुसतो. हिवाळी टायरचं रबर मऊ, त्यावर केसासारख्या बारीक चिरा. त्या चिरा बर्फाला चिमटीत पकडतात.

"आणि बारमाही?" मी विचारायची.

"बारमाही म्हणजे सगळ्यांना हो म्हणणारा माणूस. वेळेला उपयोगी पडत नाही."

चित्रांत पांढरे रस्ते असायचे, पांढरी झाडं, मधून एखादी लाल गाडी दिवे लावून चाललेली. काका त्या चित्रांकडे बघत हळू आवाजात बोलत राहायचे, की अशा रस्त्यावर ब्रेक दाबायचा नाही, नुसता पाय उचलायचा, गाडीला आपणहून थांबावंसं वाटलं पाहिजे. नदीवरून गारवा यायचा, चुलींचा धूर गल्लीत खालीच रेंगाळायचा, आणि मला समोरची घरं अर्धी पुसल्यासारखी दिसायची. मी मुलांना भूगोल शिकवत होते, ध्रुव आणि हिमनद्या फळ्यावर काढत होते. पण बर्फ मी पाहिला तो काकांच्या ओट्यावर.

सकाळची शाळा असली की मी अंधूक उजेडात बाहेर पडायची. धुक्यात गल्लीच्या तोंडाशी काका उभे दिसायचे, अंगावर शाल, पाय अनवाणी, डोळे मिटलेले. डांबर किती गार झालंय ते तळव्यांना समजून घेत असायचे. "टायरला काय वाटतं ते चप्पल घालून कळत नाही, बाई," असं एकदा म्हणाले. मी म्हटलं, सर्दी झाली की तेही कळेल. ते हसले, आणि मला त्यांची फार माया वाटली. कशाची ते मात्र सांगता आलं नसतं.

दिसेल त्या टायरमध्ये अंगठ्याचं नख रुतवून बघायचं ही त्यांची सवय. ट्रक म्हणू नका, रिक्षा म्हणू नका. एकदा आम्ही एका लग्नाला गेलो होतो. बाकीचे नवरामुलगा बघत होते, काका मांडवाबाहेर वरपक्षाच्या जीपभोवती फिरून आले आणि मुलीच्या बापाच्या कानाला लागले. "मुलगा देखणा आहे, पण जीपचे पुढचे टायर एकाच बाजूनं झिजलेत. घरात ओढाताण दिसते." मुलीचा बाप चिडला. पुढं वर्षभरात त्या घरातले भाऊ भाऊ वेगळे निघाले, तेव्हा तोच बाप काकांना विचारायला आला की धाकटीला स्थळ आलंय, जरा त्यांची मेटॅडोर बघून येता का?

शनिवारी शाळा लवकर सुटायची. त्या दिवशी काका अधूनमधून मला उल्हासनगरातल्या टायरच्या दुकानात घेऊन जात. दुकानदार सिंधी, जाडजूड, सदा घाम पुसणारा, मनानं फार भला. त्याच्याकडे देशी टायर छतापर्यंत रचलेले असायचे. काका मागतील त्या मापाचा त्यात एकही नसे, आणि असला तर काकांना पसंत नसे. हा कडक, त्याची बाजूची भिंत उंच, त्याची नक्षी रुंद. शेठ एकदा कपाळाला हात लावून म्हणाला, "साईं, तुम्ही टायर घ्यायला येता की टायरला पोरगी द्यायला येता? इतना तो मी माझ्या जावयाला नाही बघितला!"

एका हिवाळ्यातला प्रयोग या शेठच्याच डोक्यातून निघाला. त्याच्या ओळखीचा एक कारागीर गुळगुळीत झालेल्या टायरांवर तापलेल्या पात्यानं पुन्हा खाचा पाडायचा. शेठ म्हणाला, मासिकातलं चित्र द्या, तशी डिझाइन मारून देतो, उल्हासनगरमध्ये काय होत नाही? काकांनी चित्र दिलं. कारागिरानं जुन्या टायरांवर हुबेहूब मासिकातली स्वीडनची नक्षी कोरली. पण रबर ते रबरच. चामटोलीच्या रस्त्यावर उडदावरून गाडी पुन्हा सरकली, आणि काका उतरून उदास हसले.

चामटोलीला मात्र त्यांच्या या प्रयोगांचं फार कौतुक होतं. एस.टी. दिवसातून मोजकीच, आणि काका हिवाळ्यात एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा गाडी नेणार, पुढं आणि मागं. गावातल्या बायका वाट बघायच्या. एक म्हातारी त्यांना हात करून ओरडायची, "काका, उद्या सकालच्याला बी या हां! आमचा उडीद अजून व्हायचा हाय!" काकांना वाटायचं, गाव आपल्या परीक्षेसाठी रस्ता तयार करून देतं. गावाला वाटायचं, हा भला माणूस फुकट मळणी करून देतो. दोन्ही बाजू समाधानी होत्या, म्हणून मीही कुणाला काही सांगितलं नाही.

या सगळ्यात काकू कुठं होत्या? एस.टी.त होत्या. त्यांची म्हातारी आई चामटोलीला होती, थंडीत तिचा दमा वाढायचा, त्यामुळे हिवाळाभर काकूंची ये-जा असे. काकू एस.टी.नं निघत आणि काका रिकाम्या सीटवर चादर घालून तिच्या मागोमाग गाडी काढत. लाल एस.टी. पुढं, निळी गाडी मागं, मधे धूळ आणि धुकं. मी दोनतीनदा मागच्या सीटवर होते. काका एस.टी.च्या चाकांवर नजर ठेवून असत. फाट्यावर ती थांबली की काच खाली करून कंडक्टरला सांगत, "मास्तर, मागच्या आतल्या टायरला हवा कमी आहे हो! माणसं बसलीत आत!" खरं म्हणजे आत त्यांचं एकच माणूस बसलेलं असायचं. खिडकीतून पदर दिसायचा. काकू मागं वळून बघत नसत.

दोघांचं भांडण होतं असं मात्र कुणी म्हणू शकलं नसतं. काकू त्यांचा डबा करायच्या, शाल उन्हात घालायच्या, ती पुढच्या सीटची चादरसुद्धा त्याच धुवायच्या. मी एकदा म्हटलं, "काकू, बसा ना एकदा. त्यांचा जीव अर्धा झालाय." त्या म्हणाल्या, "माझाही पूर्ण नाही." आणि भाजी निवडत राहिल्या.

मग नव्वद साल उलटून गेलं, बाहेरचा माल बाजारात दिसायला लागला, आणि एका डिसेंबरात शेठचा निरोप आला. आम्ही गेलो. दुकानाच्या मधोमध चार टायर उभे करून ठेवले होते. शेठनं त्यांच्यावर स्वतः फडकं मारलं होतं. काकांनी अंगठा टेकवला आणि नख आत गेलं. त्यांनी वाकून बारीक चिरा बघितल्या, वास घेतला, माप वाचलं, पुन्हा वाचलं. मग ते खाली बसूनच राहिले.

"साईं, खरं बोलतो," शेठ म्हणाला, "ये बर्फवाला टायर आहे. इकडच्या मे महिन्यात मेण होईल याचं."

"मे महिन्यात काढून ठेवीन. हिवाळ्यातच लावायचेत मला," काका म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "तिची आई थंडीतच आजारी असते."

शेठनं दुकानातल्या सगळ्यांना चहा सांगितला.

रविवारी सकाळी काकांनी टायर बसवून घेतले. गाडी धुतली. चादर काढून सीट स्वच्छ पुसली. गल्लीतले लोक उगीच दारात येऊन उभे राहिले, कारण सगळ्यांना माहीत होतं. काका इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघराच्या दारात गेले. "अगं, झालं," म्हणाले. "हिवाळी आहेत. चारही. चल, चामटोलीला जाऊन येऊ."

काकू बाहेर आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली, टायर बघितले. "छान आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही जाऊन या. मी दहाच्या एस.टी.नं येते." आणि आत गेल्या.

काका ओट्यावर बसले. दारातली माणसं एकेक करून आत गेली. बऱ्याच वेळानं काका माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, नक्षी चुकली का हो माझी?" मला त्यांच्याकडे बघवेना. मी उठून काकूंकडे गेले, आणि खरं सांगायचं तर भांडायला गेले.

काकू परातीत पीठ मळत होत्या. मी म्हटलं, "एवढी वर्षं त्यांनी तुमच्यासाठी टायर शोधले, आणि तुम्ही—"

"मी मागितले होते?" त्या शांतपणे म्हणाल्या. "बाई, मला टायरातलं काय कळतं? मला भीती कधीच नव्हती. त्या दिवशी गाडी शेतात गेली. हे दार उघडून उतरले. मला वाटलं, माझ्या बाजूला येतील. आलेही माझ्याच बाजूला. खाली बसले आणि टायरवर हात ठेवला. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा, तसा. मी काचेतून बघत होते. मग म्हणाले, गार आहे."

मी विचारलं, "तुम्हाला लागलं होतं का काकू?"

"हे तुम्ही विचारलंत," त्या म्हणाल्या.

"मग त्यांना सांगत का नाही?"

"मी सांगितल्यावर विचारलं तर ते विचारणं झालं का?"

तोंडात तीळ भिजत नाही अशी माझी ख्याती शाळेत होतीच. पण त्या दिवशी मी काकूंचा शब्दही काकांना सांगितला नाही. ओट्यावर जाऊन त्यांच्याशेजारी बसले आणि वर्गात विचारते तसं विचारलं, "काका, तुम्ही टायरवर हात ठेवलात, तेव्हा काकू कुठं होत्या?"

"गाडीत," ते म्हणाले.

"गाडीत काय करत होत्या?"

काकांनी तोंड उघडलं. त्या अपघाताची त्यांना खडानखडा माहिती होती. दव कुठवर होतं, शेळी कुठून आली, चाक किती वळलं होतं. ती हजारदा सांगितलेली गोष्ट ते मनातल्या मनात पहिल्यापासून बघत गेले असावेत, कारण त्यांचे डोळे हलत होते. रस्ता दिसत होता, शेत दिसत होतं, टायर दिसत होता. पुढच्या सीटवर त्यांना काहीच दिसेना.

"माहीत नाही," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाई, मला माहीत नाही."

ते उठले. चपला न काढता स्वयंपाकघरात गेले, आणि हे त्या घरात कधी घडलं नव्हतं. मी ओट्यावरच राहिले, पण दार उघडं होतं. काकू पाटावर बसून भाकरी थापत होत्या. काका त्यांच्यासमोर जमिनीवर उकिडवे बसले.

"अगं," ते म्हणाले, "त्या दिवशी तुला लागलं होतं का?"

भाकरीवरचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागल्याचा वास आला, तरी कुणी ती उलटली नाही.

"लागलं होतं," काकू म्हणाल्या.

"कुठं?"

"गुडघ्याला. समोर आपटला."

"अजून दुखतो?"

"थंडीत दुखतो."

काकूंनी हातातली भाकरी परातीत ठेवली, आणि त्यांच्या आवाजात मी कधी ऐकला नव्हता असा कंप आला.

"काढा गाडी," त्या म्हणाल्या. "एस.टी.च्या पायऱ्या चढवत नाहीत मला. कधीच चढवत नव्हत्या."

काका किल्ली आणायला म्हणून उठले आणि दाराच्या चौकटीला धरून हुंदके देऊन रडायला लागले. काकूंनी त्यांना पोटभर रडू दिलं. मग त्या गुडघ्यावर हात दाबून उठल्या, पदराला पीठ पुसलं, आणि खुंटीवरची किल्ली स्वतः काढून त्यांच्या हातात दिली.